तिसरं प्रश्नचिन्ह

ताईचा फोन आला तेव्हा ती ऑफिसात पाण्याची बाटली भरून जागेवर येत होती. बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं, आणि मनगटावरून एक गार ओघळ बाहीत शिरत होता, एवढंच पुढे कितीतरी वेळ तिच्या लक्षात राहिलं. "अगं धाकटे, माझं नावच नाही म्हणे इस्पितळाच्या यादीत," ताई म्हणाली. पेपर आला नाही म्हणावं, तितक्या सहज. "खिडकीवरच्या मुलीनं दोनदा बघितलं. भली आहे बिचारी. म्हणाली, आजी, नोंदच झालेली नाही. मी म्हटलं, बाई गं, माझ्या बहिणीनंच तर हे सगळं बांधलंय, ती म्हणते लागलंय, म्हणजे लागलंय. तर हसली." "मग?" "मग काय, मी पण हसले. आले घरी. तू बघ तेवढं सावकाश." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "चौदा महिने झाले ना गं?" ती हो म्हणाली. ओघळ कोपरापर्यंत पोचला होता. तिने तो पुसला नाही.

चौदा महिने. बुबुळ बदलायच्या शस्त्रक्रियेची यादी लांबच असते, कुणीतरी जाताना डोळे ठेवून जावं तेव्हा ती एक घर पुढे सरकते. ताईच्या उजव्या डोळ्यात आधी धुकं आलं, मग दुधाळ काच. आणि ताई शिवणकाम करायची. आता काजं नि बटणंच करते. लांब शिवण तिरकी जाते म्हणून तिने आपणहून सोडली. दर रविवारी ती ताईकडे जाई, आणि ताई सुयांचा डबा पुढे करी. आठवड्याच्या बारा सुया ओवून ठेवायच्या, पांढऱ्या सहा, काळ्या सहा. ओवलेली सुई ताई हातात घ्यायची आणि सरळ कापडात घालायची. दोरा नेढ्यातून गेलाय की नाही हे चाचपायची सुद्धा नाही. "तू ओवलीस ना," म्हणायची. आणि सुया ओवता ओवता ताई हमखास विचारायची, "नाव लागलंय ना गं?" आणि ती सांगायची, "लागलंय, ताई. धीर धर." चौदा महिने, एकही रविवार चुकलेला नाही.

ती हे कशाच्या जोरावर सांगत होती? एका संदेशाच्या. तुमची नोंद झाली आहे, पाळी आल्यावर कळवू. हा संदेश तिनेच इस्पितळासाठी लिहिलेला संगणकाचा कार्यक्रम पाठवत असे. यादीत जाऊन ताईचं नाव तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहता आलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. ऑफिसात सगळ्यांनी कधी ना कधी ते केलं होतं, कुणी सासऱ्यासाठी, कुणी शेजाऱ्यासाठी, नुसतं कितवा नंबर आहे ते बघायला. तिने केलं नव्हतं. तिचे काही नियम होते. पहाटे उठून दिवा लावायचा, तासभर मौन, जप, आणि मग दिवसभर खोटं बोलायचं नाही. त्याच नियमांत कधीतरी हा एक येऊन बसला होता, की घरच्या माणसाचं नाव यादीत शोधायचं नाही. बघणारा डोळा उद्या हात होतो, असं तिला वाटे. लोक तिला नियमबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि ती हसत असे. त्या हसण्यात थोडा अभिमान होता हे तिला आज, या क्षणी, बाटलीचं झाकण घट्ट बसवताना कळलं.

तिने नियम मोडला. ताईचा क्रमांक टाकला आणि यादीला विचारलं. पडदा एक क्षण थांबला आणि रिकामा परत आला. शून्य नोंदी. पुन्हा टाकला. पुन्हा शून्य. मग तिने आपल्या बाजूची रोजनिशी काढली, कार्यक्रम ज्यात प्रत्येक हाक आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवतो ती. चौदा महिन्यांपूर्वीची सकाळ, अकरा वाजून सात मिनिटं, खिडकी दोन. हाक मारली. उत्तर आलं. उत्तर एक. संदेश पाठवला.

एक म्हणजे झालं. शून्य म्हणजे झालं नाही. वीस वर्षं तिचं जग या दोन आकड्यांवर उभं होतं. जावा या संगणकाच्या भाषेत ती जे लिहायची ते बाहेरचं काम; खिडकीवर बसलेल्या माणसाने बटण दाबलं की रुग्णाचं नाव, आजार गोळा करायचा आणि डेटाबेसच्या, म्हणजे सगळ्या नोंदींच्या कोठाराच्या, दारापाशी न्यायचा. यादीत नाव घालायची खरी कृती डेटाबेसच्या पोटात लिहून ठेवलेली होती. तिला प्रोसिजर म्हणत. तिच्याकडून फक्त हाक जायची. महिरपी कंस, त्यात कॉल, प्रोसिजरचं नाव, आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. पहिल्या दोन प्रश्नचिन्हांत आपण भरायचं, रुग्ण कोण, आजार कोणता. तिसरं रिकामं पाठवायचं, पण पाठवण्याआधी नोंदवून ठेवायचं की हे परत येताना आकडा घेऊन येणार आहे. मग हाक सोडायची. मग तिसऱ्यात काय आलं ते बघायचं. आतमध्ये काय घडतं हे तिला माहीत नव्हतं, आणि वाचताही आलं नसतं, कारण तिच्या खात्याला हाक मारायची परवानगी होती, वाचायची नव्हती. ती परवानगी एकाच माणसाकडे होती.

त्यांना सगळे तळघर म्हणायचे. तळघर ऑफिसात नव्हतंच, तिसऱ्या मजल्यावर होती सगळीच. पण डेटाबेस त्यांच्याकडे होता, आणि तळघरात काय ठेवलंय ते तळघरालाच माहीत अशी थट्टा रूढ झालेली. ती त्यांना दादा म्हणे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला खुर्ची ओढून शेजारी बसवलं होतं आणि कागदावर एक दार काढून दाखवलं होतं. "हे बघ. तू अंगणात. मी आत. तू आत यायचं नाहीस, मी अंगणात येणार नाही. हाक मारायचीस, तीन प्रश्नचिन्हं द्यायचीस, तिसऱ्यात उत्तर घ्यायचंस. माझ्या उत्तरावर भरवसा ठेवायचा. नाहीतर मग दोघांनी दोन्हीकडे राबावं लागेल, आणि कामं कधीच संपायची नाहीत." तिला ते फार आवडलं होतं. त्यात एक स्वच्छता होती. देवघरात गाभाऱ्याला हात न लावता बाहेरून हात जोडतो तसं काहीसं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून तिने सांगितलं नव्हतं. वीस वर्षं ती त्यांच्यासमोर बसून डबा खात आली. आई गेली तेव्हा पंधरा दिवस तिचं सगळं काम त्यांनी ओढलं, आणि परत आल्यावर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सकाळी आठच्या आत तिला फोन करायचा नाही, तिचं मौन असतं, हे ऑफिसात एकट्या त्यांनीच वीस वर्षं पाळलं. यंत्रं बंद पडलेल्या सकाळीसुद्धा. आठ वाजून एक मिनिट झालं की फोन वाजे आणि ते म्हणत, "झाला का देव? आता माणसांकडे बघ."

तिने आणखी एक काम केलं. आठ वर्षांपूर्वी इस्पितळाची नवी इमारत सुरू झाली, तेव्हापासून आजपर्यंत तिच्या कार्यक्रमाने नोंद झाली म्हणून किती संदेश पाठवले ते मोजलं, आणि यादीत, जुन्या नि चालू, एकूण किती नावं आली ते मोजलं. दोन आकडे शेजारी ठेवले. वजाबाकी करायला तिला यंत्र लागलं नाही. एक्केचाळीस. एक्केचाळीस माणसांना तिने सांगितलं होतं की तुमची नोंद झाली आहे. ती माणसं घरी बसली होती, कुणाची तरी वाट बघत, आपल्या आधीची माणसं सरकायची वाट बघत, आणि त्यांच्या आधी कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. ती रांगेतच नव्हती. काही जण या आठ वर्षांत गेलेही असतील. त्या काळोखात, तिच्या शब्दावर. ती उठली आणि दादांच्या टेबलापर्यंतची अठरा पावलं तिने मोजली. जपाची सवय, बोटं आपोआप मोजतात.

दादा खोक्यात सामान भरत होते. महिनाअखेरीला, म्हणजे चार दिवसांनी, ते निवृत्त होणार होते. खोक्यात एक कुंडी, दोन मग, चष्म्याची तीन घरं. "ये," ते म्हणाले, "ही कुंडी तुला ठेवून जाऊ का? पाणी घालशील ना? का तुझ्या नियमात बसत नाही?"

"दादा, नाव घालायची प्रोसिजर मला वाचायचीय."

त्यांनी चष्म्याचं एक घर उघडलं, मिटलं. "आज कशाला? चार दिवसांनी सगळंच तुझ्याकडे येणारय."

"आज."

"काय झालं?"

"एक्केचाळीस नावं नाहीत," ती म्हणाली. आणि मग, आवाज तिचा नेहमीसारखाच मृदू राहिला याचं तिला आश्चर्य वाटलं, "त्यात ताई आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी 'काय?' म्हटलं नाही. 'कसं शक्य आहे?' म्हटलं नाही. वीस वर्षांत त्यांचा चेहरा तिला पाठ झाला होता, कोडं पडलं की त्यांची डावी भुवई वर जाते. आज ती जागची हलली नाही. आणि त्या न हललेल्या भुवईने तिला सगळं आधीच सांगून टाकलं, पडदा तिच्याकडे वळवायच्या आधी.

त्यांनी पडदा वळवला. मजकूर लांब नव्हता. इतकी वर्षं ज्याच्या दारात उभं राहून ती हाका मारत आली ते आतलं घर एवढंसंच होतं, साठ-सत्तर ओळी, अक्षरं सुबक, ओळी पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकवलेल्या, दादांच्या हस्ताक्षरासारख्याच. यादीतला सगळ्यात मोठा क्रमांक घ्या, त्यात एक मिळवा, नवं नाव त्या क्रमांकावर घाला. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांना एकच क्रमांक मिळणार, आणि यादी दुसरं नाव नाकारणार. हे तिला वाचता वाचताच समजलं. नाकारलं तर चूक उठायला हवी. उठलेली चूक बाहेर, तिच्याकडे, यायला हवी. तिच्या कोडमध्ये त्यासाठी जागा केलेली होती: चूक आली तर क्षणभर थांब आणि पुन्हा हाक मार. ती सोय तिने फार प्रेमाने लिहिली होती. आठ वर्षांत ती एकदाही चालली नव्हती, रोजनिशीत तिची एकही नोंद नव्हती, आणि ते रिकामं पान बघून तिला बरं वाटत आलं होतं. सगळं शांत आहे. सगळं सुरळीत आहे. ती शांतता तिने आपल्या पहाटेच्या तासाच्या ओळीत नेऊन बसवली होती. आता ती खाली वाचत गेली. शेवटच्या चार ओळी. कुठलीही चूक उठली तर: काही करू नकोस. तिसऱ्यात एक भर. परत जा.

त्याच्या वर एक टीप होती. यंत्र वाचत नाही, माणसांसाठी लिहितात तशी. जावाच्या बाईंच्या सांगण्यावरून. तात्पुरतं. खाली तारीख. तारीख तिला वाचावी लागली नाही.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची दुपार. दुसरी खिडकी त्याच दिवशी जोडलेली. रंगाचा वास इतका की डोळ्यांतून पाणी येत होतं. रंगीत तालीम म्हणून दोन्ही खिडक्यांवरून नावं घालून बघत होते आणि मधेच पडदा लालभडक होई, चूक, चूक, चूक. मोठ्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, तिच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, उद्या पाहुण्यांसमोर हे दिसलं तर माझी नाही, तुमची नोकरी जाईल. आणि ती धावत, खरंच धावत, दादांकडे गेली होती. काय म्हणाली होती ती? "काहीही करा दादा, पण उद्या हा लाल पडदा दिसता कामा नये." हे शब्द. हेच शब्द. आणि त्याच आठवड्यात तिने ती पुन्हा हाक मारायची सोय लिहिली, आणि तपासून बघितली, आणि चूक आलीच नाही, आणि तिला वाटलं आपलं बरोबर जमलं. मग ती दादांना सांगायला गेली होती की आता तुमचं ते काढा. गेली होती ना? ते फोनवर होते. तिने हात वर केला. त्यांनी मान हलवली. तिला ती मान आठवत होती, पांढऱ्या कॉलरमधली. पण आपण तोंडाने काही बोललो का, हे तिला काही केल्या आठवेना. ती त्या दुपारच्या कोपऱ्यांतून हात फिरवत राहिली, आणि दर वेळी हात रिकामा परत येत राहिला.

"तूच म्हणाली होतीस," दादा हळूच म्हणाले.

"एका दिवसासाठी."

"दुसऱ्या दिवशी काढा म्हणालीस का?"

मग तिचं लक्ष दुसऱ्या टिपेकडे गेलं. पहिलीच्या खाली, वेगळ्या तारखेची. तीन वर्षांपूर्वीची. इथे चूक गिळली जाते. नोंदी गळतात. सांगायचं?

तिने ती तीनदा वाचली. तीन वर्षं. म्हणजे तीन वर्षं ही ओळ इथे होती, तिच्या टेबलापासून अठरा पावलांवर, आणि ती आणि दादा समोरासमोर बसून डबा खात होते. या तीन वर्षांत ते तिला म्हणाले होते की तुझ्या भाजीत मीठ कमी आहे. म्हणाले होते की तुझ्या ताईला माझा नमस्कार सांग. ताईचं नाव नोंदवायचं होतं त्या सकाळी तिने स्वतः त्यांना सांगितलं होतं, आज ताईला घेऊन येतेय, आणि ते म्हणाले होते, "छान. लागेल नंबर." लागेल नंबर. सांगायचं, आणि पुढे प्रश्नचिन्ह. कुणाला विचारलं होतं त्यांनी? ज्याला फक्त तेच वाचू शकतात अशा जागी त्यांनी तो प्रश्न लिहून ठेवला होता.

"किती गेली होती तेव्हा? तुम्हाला कळलं तेव्हा?"

"तेवीस."

"म्हणजे अठरा त्यानंतरची."

त्यांनी मान खाली घातली. खोक्यातला मग उचलून दुसऱ्या मगच्या आत बसवायला लागले. तो बसत नव्हता. "सांगितलं असतं तर पहिलं नाव तुझं आलं असतं. ती टीप वाच ना. जावाच्या बाईंच्या सांगण्यावरून. मला वाटलं..."

"माझ्यासाठी गप्प बसलात?"

"तसं म्हणत नाही." आणि मग, "तसंही थोडं होतं. जास्त माझ्यासाठी होतं. बढती होती तेव्हा."

"पुसता आली असती ना ही ओळ? तुमच्याशिवाय कोण वाचणार होतं?"

"दोनदा पुसायला घेतली."

तिला रडू आलं नाही. तिला एवढंच वाटलं की कुणीतरी तिच्या पहाटेच्या तासात शिरून बसलं होतं आणि तिला ते कळलं नाही. आठच्या आत फोन न करणारा माणूस. तिचं मौन इतक्या मायेने राखणारा माणूस. आणि त्याच वेळी, फार खोल, दुसरं काही वळवळत होतं, जे तिला बघायचं नव्हतं: तिलाही न बघणं सोयीचं होतं. आत बघू नये हा दादांचा नियम, घरच्यांचं नाव शोधू नये हा तिचा. दोन्ही नियम तिने असे पाळले होते की त्यांच्यामधून एक्केचाळीस माणसं आरपार निघून गेली. दोनच मिनिटं. चौदा महिन्यांपूर्वी दोन मिनिटं तिने नियम मोडला असता, तर ताई आज यादीत असती, आणि अठरांमधले निदान थोडे तरी. तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं. एक्केचाळीस वेळा सांगितलं होतं.

"चार दिवस थांब," दादा म्हणाले. आता ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे म्हातारे दिसत होते. "मी गेलो की उघड. सगळं माझ्यावर टाक, मी येऊन नाकारणार नाही. चारच दिवस. अगं, तीस वर्षं झाली मला इथं. निरोपाचा हार तरी गळ्यात पडू दे."

"आणि नावं?"

"नावं मी आत्ता घालतो. कुणाला कळणार नाही. आजच्या तारखेने घालतो."

"आजच्या तारखेने म्हणजे शेवटी."

"मग जुन्या तारखांनी घालू? ताईला तिची जागा मिळेल. चौदा महिने पुढे. म्हण तर आत्ता." त्यांची बोटं कळफलकावर होती. तिने ती बोटं पाहिली, नखं नीट कापलेली, आणि ताईची बोटं आठवली, टोकं सुईने खरखरीत झालेली. एक शब्द. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मान हलवलेली या ऑफिसात पुरते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"बोलून करायचं, दादा," ती म्हणाली. "मोठ्या बाईंसमोर. आत्ता."

मोठ्या बाईंची खोली थंड होती आणि तिथल्या खुर्च्या मऊ होत्या. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही दोघं एकत्र आलात म्हणजे काहीतरी लांबलचक. मला एका वाक्यात सांगा, कंस न घालता." तिने सांगितलं. एका वाक्यात झालं नाही. आधी स्वतःचं सांगितलं, लाल पडदा दिसता कामा नये हे शब्द जसेच्या तसे, मग ती चूक गिळली जाणं, मग आकडा. त्या दुपारी मोठ्या बाई तिच्या मागे उभ्या होत्या हे तिने सांगितलं नाही. बाईंना ते आठवत होतं की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. दुसऱ्या टिपेपाशी ती थांबली. ते तिचं नव्हतं. वातानुकूलनाची घरघर तेवढी चालू होती. तिने दादांकडे पाहिलंही नाही; तिला भीती वाटत होती की पाहिलं तर ते बोलतील, किंवा पाहिलं तर ते बोलणार नाहीत.

"डेटाबेसच्या बाजूनं काही?" बाईंनी विचारलं.

"आठ वर्षांत त्यात काही बदल केलेला नाही," दादा म्हणाले.

हे खरं होतं. शब्द न् शब्द खरं होतं, टीप लिहिल्याने काम बदलत नाही. तिला वाटलं आपण त्यांच्या दारात उभ्या आहोत आणि आतून एक हा आकडा आला आहे, गुळगुळीत, पूर्ण, आणि आत काहीच झालेलं नाही. या वेळी मात्र तिला आतलं माहीत होतं. "तीन वर्षांपूर्वीची एक टीप आहे त्यात," ती म्हणाली. "ती त्यांनी तुम्हाला स्वतः वाचून दाखवावी." दादांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकं निखळ दुखावलेपण होतं, जणू दगा तिनेच दिला होता, की वीस वर्षांचे डबे तिच्या पोटात एकदम उभे राहिले.

बाईंनी एक्केचाळीस नावांची यादी मागितली. बोट खाली सरकवत गेल्या. माणसं शोधायची, हयात आहेत का बघायचं, जुन्या तारखांनी जागा द्यायच्या. त्या भराभर ठरवत गेल्या, त्यात त्या तरबेज होत्या. एका नावापाशी बोट थांबलं. पत्ता, आडनाव. "ही तुमची कोण?"

"बहीण. मोठी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हे एक नाव चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवावं लागेल. तुम्हीच सांगितलंत, तुमच्याच बहिणीला चौदा महिने पुढे आणलं, असं उद्या कुणी म्हणेल. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"कळतंय," ती म्हणाली.

ताईच्या खोलीत अजून उजेड होता. पश्चिमेची खिडकी, तिच्याखाली यंत्र, यंत्रावर कुणाच्या तरी लहान मुलाचे शर्ट, सहा, बिनबटणांचे. ताई डावा डोळा पुढे काढून बसली होती. "आज कसं काय? रविवार नाही आज," ती म्हणाली, आणि सवयीने सुयांचा डबा पुढे सरकवला. ती बसली. डबा मांडीवर घेतला. आणि सगळं सांगितलं, आठ वर्षांपूर्वीच्या रंगाच्या वासापासून बाजूला ठेवलेल्या नावापर्यंत, मधलं काही न गाळता. दादांचंही सांगितलं. ताई काज करत होती, हात थांबला नाही. मधेच एकदा म्हणाली, "तो गं? नमस्कार सांगायचा तो?" आणि पुन्हा काज करू लागली.

"बाकीच्या चाळिसांना कळवणार?"

"हो. पत्रं जाणार उद्या."

"बरं झालं." ताईने दोरा दातांनी तोडला. "आणि माझं? चौकशी किती दिवस?"

"फार नाही लागणार, ताई. मी रोज विचारीन. तू धीर..." ते शब्द तिच्या तोंडून आपोआप निघाले, रविवारचे, आणि अर्ध्यावर ती थांबली.

ताईचा दुधाळ डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही तिच्याकडे वळले होते, आणि त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मला पण पत्र पाठवायला सांग," ती म्हणाली. "चाळिसांसारखं. शिक्क्याचं. समोरची मास्तरीण वाचून दाखवील मला."

"मी सांगते ना ताई, मी स्वतः..."

"तू नको." ताईचा आवाज मऊच होता, दोघींचे आवाज सारखेच, लोक फोनवर फसत. "तू चांगली आहेस गं. पण तू नको आता. कागद येऊ दे."

तिने मान खाली घातली आणि सुई उचलली. पांढरा दोरा जिभेने ओला केला, उजेडाकडे धरला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा गेला. तिने दोरा ओढून घेतला, दोन्ही टोकं सारखी केली, आणि सुई ताईच्या हातात दिली. ताईने ती कापडाकडे नेली. मग थांबली. सुई परत जवळ आणली, अंगठ्याच्या खरखरीत टोकाने नेढं चाचपलं, आणि दोरा धरून हलकेच ओढून बघितला. एकदा. मग पुन्हा एकदा.